कानापर्यंत पोचलेला हात

जगदाळे गुरुजी गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. फोटो, फोटोला हार, समोर सतरंजी. सरपंच बोलले, केंद्रप्रमुख बोलले, पुण्याला असलेला एक जुना विद्यार्थी फोनवर बोलला आणि तो फोन माइकसमोर धरून सगळ्यांना ऐकवला. जो उठला तो गुरुजींच्या अक्षराबद्दल बोलला. मी त्या शाळेत आधी झाडलोट केली, मग पोरांची खिचडी शिजवली, पण मला कुणी बोल म्हणालं नाही. बरंच झालं. मी बोलले असते तर हार काढून ठेवावा लागला असता.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो, पण लिहिता येतं.

अक्षर खरंच चांगलं होतं. शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे ज्यात प्रत्येक पोराचं नाव, जात, जन्मतारीख लिहितात ते मोठं पुस्तक. गुरुजी ते लिहायला बसले की पंखा बंद करायला सांगायचे. शाईचं पेन, खाली टीपकागद. नोंद झाली की तिच्यावर फुंकर घालायचे, मग रजिस्टर पत्र्याच्या ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात. एवढ्या वर्षांत त्यांनी एक अक्षर खोडलं नाही. म्हणायचे, "इंदूबाई, खाडाखोड केलेला कागद आणि दारू प्यालेला माणूस, दोघांची साक्ष कोण धरत नाही."

त्या रजिस्टरामुळं आमचं अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. एक जूनला सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर बँकेचे वाढदिवसाचे मेसेज येतात. नवरा-बायको एकाच दिवशी जन्मलेले, सासू-सून एकाच दिवशी जन्मलेल्या. कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत असंच आहे, कुंडलकडं माझी बहीण दिलेली आहे तीही एक जूनचीच. लोक हसतात आणि सोडून देतात. आम्हीही हसायचो.

गुरुजींची मारायची एक रीत होती. दुसरे मास्तर रागावले की मारायचे. गुरुजी रागवायचेच नाहीत. पोराला समोर उभं करायचे आणि विचारायचे, "गुन्हा सांग." पोरगं सांगायचं. "वय सांग." तेही सांगायचं. जितकं वय तितक्या छड्या. सहा वर्षांच्या पोराला सहा, नऊ वर्षांच्या पोराला नऊ. वय रजिस्टरातलं धरायचं. पोरगं रडत असलं तरी मोजायचं त्यानंच, आणि मोजताना चुकलं की पहिल्यापासून. छडी मारायला बंदी आल्याचं त्यांना माहीत होतं. ते म्हणायचे, "मी मारत न्हाई, शिक्षा देतो. दोन्हीत फरक आहे."

आता त्यांचं चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीनं मेलेल्या माणसावर डाव साधला.

खिचडीची योजना आली तेव्हा शिजवायचं काम मला मिळालं. मी आमच्या विहाराजवळच्या वस्तीतली. पहिल्याच दिवशी चार-पाच घरांनी पोरांचे डबे पाठवून दिले, आमची पोरं हिच्या हातचं खाणार नाहीत म्हणून. गुरुजींनी ते डबे ऑफिसात कुलूप लावून ठेवले. मग व्हरांड्यात मांडी घालून बसले आणि म्हणाले, "इंदूबाई, वाढा." सगळ्या गावासमोर दोन ताटं खिचडी खाल्ली. आईबाप फाटकात उभे होते. गुरुजी हात धुऊन त्यांच्याकडं गेले आणि म्हणाले, "जीआर आहे. वाचून दाखवू?" कुणी पुढं आलं नाही. माझी नोकरी राहिली.

मी त्यांचे उपकार मानले. पुढं कळलं, त्यात उपकाराचं काही नव्हतं. जीआरमध्ये लिहिलं होतं म्हणून त्यांनी खाल्ली. नसतं लिहिलं तर त्यांनीच मला घरी घालवलं असतं. पण पुष्कळ वर्षं मी त्या दोन ताटांसाठी गप्प बसले, हेही खरं आहे.

आकाश नावाच्या पोराची गोष्ट त्या गप्प बसण्यातूनच सुरू होते.

एका साली शाळेचा पट कमी पडत होता. पोरं कमी झाली की एका मास्तरची जागा जाते. गुरुजी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याबरोबर वस्तीवस्तीत फिरले. पोरगं दिसलं की त्याला म्हणायचे, "डोक्यावरून हात घाल आणि पलीकडचा कान धर." कान हाताला लागला तर पोरगं सहा वर्षांचं, नाही लागला तर लहान. ही जुनी रीत आहे, मलाही शाळेत असंच घेतलं होतं.

मंगल माझ्या शेजारची. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडंच दुसरी करून राहिला. हिला एकच पोरगा, आकाश. तो तेव्हा पुरता पाच वर्षांचाही नव्हता. मला पक्कं माहीत आहे, कारण नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो घरात जन्मला तेव्हा पाणी मी तापवलं होतं, आणि त्याच आठवड्यात गुरुजींच्या सुनेला सांगलीला मोठ्या दवाखान्यात मुलगा झाला होता. त्याचे पेढे शाळेत वाटले होते. तो ओंकार.

आकाशचे हात अंगाच्या मानानं लांब होते. त्यानं डोक्यावरून हात घातला. बोटं कानाच्या वर अडकली. गुरुजी माझ्याकडं बघून म्हणाले, "जरा टेकू द्या." मी त्याचं कोपर वर उचललं. बोटं कानाला लागली.

"झालं. सहा," गुरुजी म्हणाले.

मंगल म्हणाली, "गुरुजी, आवं पाच बी न्हाई झाली त्येला."

"अगं, वर्ष-दीड वर्ष वाढवलं तर तुझंच भलं आहे. लवकर शिकंल, लवकर नोकरीला लागंल. हितं सही कर."

मंगल गुरुजींचीच विद्यार्थिनी. सातवीतून सुटलेली. सही करायलाही तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिनं अर्जावर सही केली. गुरुजींनी शाळेत जाऊन पंखा बंद करायला सांगितला आणि रजिस्टरात लिहिलं, एक जून. साल लिहिलं सहा वर्षं मागचं.

पुढच्या साली ओंकारला घातलं. त्याची तारीख दवाखान्याच्या दाखल्यावरून उतरवली, दिवस, महिना, साल बरोबर. तेव्हा मी विचारलं, "ह्येचा कान न्हाई बघायचा?" गुरुजी म्हणाले, "ह्याचा कागद आहे की."

म्हणून एका आठवड्यात जन्मलेली दोन पोरं रजिस्टरात सव्वा वर्षाच्या अंतरावर गेली. आकाश एक इयत्ता पुढं. आणि दोघांनी मिळून पेरू चोरले की ओंकारला सहा छड्या, आकाशला सात. नातवालाही सोडायचे नाहीत, हे कबूल करते. आकाश सातवी छडी खाताना ओंकारकडं बघून दात काढायचा. म्हणायचा, "मी थोरला हाय बाबा."

पेरूंवरून दोघं कुठं गेले ते सगळ्या गावाला माहीत आहे. करोनामुळं शाळा-कॉलेजं बंद होती ते साल. पोरांना काम नव्हतं. दोघं ओंकारच्या गाडीवरून विहिरीवरच्या मोटारी चोरायला लागले. मोटारीतली तांब्याची तार विकायची. दिवसा शेतावर लाइट नसते, त्यामुळं विहिरीवर कुणी नसतं, हे पोरांना ठाऊक. नवरात्रात एका दुपारी हणमंत भाकरी खायला विहिरीवर आला. राखणीचं काम करायचा, साठीचा माणूस. त्यानं आरडाओरडा केला. दोघांतल्या कुणीतरी मोटार खोलायचा लोखंडी पाना त्याच्या डोक्यात घातला. एकदा नाही, चार-पाच वेळा. हणमंत सांगलीला दवाखान्यात दोन दिवस होता, मग गेला. त्याची भाकरी फडक्यात बांधलेली तशीच विहिरीच्या काठावर होती.

ओंकार म्हणाला आकाशनं मारलं. आकाश म्हणाला ओंकारनं. पाना दोघांनी धरला होता.

मला दोघांचीही कीव आली नाही. आजही येत नाही. हणमंताच्या मयताच्या दिवशी त्याच्या बायकोला मी अंघोळ घातली होती, तिचं तोंड मी बघितलं आहे. मेलेल्या माणसाचं वय कुणी विचारत नाही. मारणाऱ्याचं विचारतात, आणि त्यावर सगळं ठरतं.

ओंकार सतरा वर्षं दोन महिन्यांचा. त्याला मुलांच्या मंडळापुढं नेलं. आकाश कागदावर अठरा ओलांडून चार महिने. त्याला बेडी घालून सांगलीच्या जेलमध्ये. मंडळापुढं ओंकारच्या वकिलानं सांगितलं, हा लहान, मोठ्या मुलाच्या नादी लागला. मोठा कोण, तर आकाश.

आकाशला सरकारनं वकील दिली, एक पोरगेलीशी बाई. मंगल तिला रडत सांगत होती की पोरगा सतराचाच हाय. वकीलबाई म्हणाली, पुरावा काय? जन्माची नोंद ग्रामपंचायतीत केलेली होती, दाखला मात्र कधी काढला नव्हता. आणि आदल्या साली महापुरात ग्रामपंचायतीचं दप्तर तीन दिवस पाण्याखाली होतं. वह्यांचा लगदा झाला, तो फावड्यानं उकरून टाकला. शाळेचं रजिस्टर मात्र कोरडं. कारण पाणी वाढायला लागल्यावर निवृत्त झालेले जगदाळे गुरुजी छातीभर पाण्यातून शाळेत गेले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन देवळाच्या माडीवर ठेवून आले. घरातला टीव्ही, गाद्या, धान्य सगळं गेलं, ट्रंक राहिली. त्यासाठी गावानं त्यांचा सत्कार केला होता. शाल मीही बघितली आहे.

मी वकीलबाईला कानाची गोष्ट सांगितली. ती खुर्चीतून पुढं सरकली. म्हणाली, "हे गुरुजींनी कोर्टात सांगितलं तर रजिस्टरातली तारीख अंदाजाची ठरेल. मग वयासाठी डॉक्टरकडून हाडांची तपासणी मागता येईल. ते सांगतील का?"

मी म्हटलं, "का न्हाई? त्यांचं सोताचंच तसं झालंय."

ते असं, की गुरुजीही एक जूनचेच होते. त्यांचा खरा जन्म बेंदराच्या सणाचा. त्यांच्या मास्तरनं अंदाजानं दोन वर्षं वाढवून लिहिली, त्यामुळं गुरुजी दोन वर्षं आधी निवृत्त झाले. त्यांनी दुरुस्तीसाठी अर्ज केला होता. वरून उत्तर आलं, दप्तरी नोंद आहे तीच ग्राह्य. निरोपाच्या दिवशी नारळ हातात घेऊन ते मला म्हणाले होते, "त्या मास्तरनं माझी दोन वर्षं खाल्ली, इंदूबाई." पुढंही जेव्हा भेटतील तेव्हा हेच म्हणायचे. म्हणून मला खात्री होती.

कोर्टात वयाची चौकशी लागली. गुरुजी पांढरा सदरा, टोपी घालून आले. शाळेनं रजिस्टर त्यांच्याच हाती दिलं होतं, ते पुढं ठेवलं. न्यायाधीशांनी पान बघितलं आणि म्हणाले, अक्षर सुंदर आहे. गुरुजींनी मान लववली.

वकीलबाईनं विचारलं, "ही जन्मतारीख तुम्ही कशावरून लिहिली?"

"पालकांनी सांगितल्यावरून. अर्जावर आईची सही आहे."

"या पानावर जवळजवळ सगळी मुलं एक जूनला जन्मली आहेत. हे कसं?"

"खेड्यात लोकांच्या तारखा लक्षात राहत नाहीत. ते सांगतात, आम्ही लिहितो."

"डोक्यावरून हात घालून कानाला लावायला सांगायचं आणि वय ठरवायचं, असं तुम्ही करत होता का?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "असं शासनाच्या नियमात नाही."

"नियमात आहे का, हे मी विचारलं नाही."

"नियमात नसलेलं काम मी केलेलं नाही."

मंगल माझ्याशेजारी बसली होती. ती आकाशकडं बघत नव्हती, स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होती.

मग मला उभं केलं. मी सगळं सांगितलं. कोपर मी उचललं हेही सांगितलं. सरकारी वकिलानं विचारलं, "आजी, शिक्षण किती?"

"चौथी."

"कोपर उचललं याची कुठं नोंद आहे?"

"न्हाई."

"म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणं खोटं काम झालं आणि त्यात तुमचा हात होता. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

मी पिंजऱ्यातून उतरून मंगलशेजारी जाऊन बसले.

रजिस्टर खरं धरलं गेलं. हाडांच्या तपासणीची गरज नाही असं ठरलं.

येताना सांगलीच्या स्टँडवर एकच एसटी लागली होती. गुरुजी पुढच्या सीटवर, रजिस्टराची पिशवी मांडीवर. मी मंगलला बसवलं आणि उठून त्यांच्याजवळ गेले.

"गुरुजी, त्या मास्तरनं तुमची दोन वर्षं खाल्ली म्हणत होता की."

ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मला परत दिली का कुणी?"

"तुमची नोकरी गेली. ह्येचा जलम चाललाय."

"मी आज अंदाजानं लिहिलं म्हणलो, तर उद्या सगळ्या गावाचे दाखले खोटे. माझ्या हातनं शिकलेली पोरं पोलिसात हायत, मिलिट्रीत हायत. त्यांचं काय?"

"आणि ओंकारचं काय, ते सांगा की."

तिकीट काढायला कंडक्टर आला. गुरुजींनी दोन ज्येष्ठांची तिकिटं मागितली, त्यांचं आणि माझं. मी माझं वेगळं काढलं.

पुढं निकाल लागला. पाना कुणी मारला हे ठरवायची गरजच पडली नाही, दोघांनी मिळून केलं असं धरलं. मंडळानं ओंकारला लहानच धरलं, तीन वर्षं सुधारगृह. आकाशला जन्मठेप. गुन्हा सांग, वय सांग. मला वाटलं होतं की हा हिशेब फक्त आमच्या शाळेतच चालतो.

ओंकार सुटून आला तेव्हा गुरुजी त्याला जीप करून घेऊन आले. चावडीवर म्हणाले, "कायद्यानं त्याच्या कागदावर काही राहत न्हाई. पाटी कोरी." खरंच राहिलं नाही. तो आता साताऱ्याला एमआयडीसीत कंपनीत आहे. शनिवारी नव्या गाडीवरून येतो. हणमंताची बायको त्याच रस्त्यानं वैरणीला जाते. गाडीचा आवाज आला की ती भारा घेऊन कडेला उभी राहते, धूळ बसेपर्यंत.

आकाश कोल्हापूरला कळंब्याच्या जेलमध्ये आहे. वरच्या कोर्टात अर्ज पडून आहे. मंगलबरोबर मी भेटीला एकदा गेले. हात अजून लांब झालेत, बाकी अंग वाळलंय. काचेपलीकडं फोन कानाला लावून म्हणाला, "इंदूमावशे, हितल्या बी वहीत एक जूनच लिवलंय."

मी म्हटलं, "मग काय गोड देत्यात का त्या दिवशी?"

"न्हाई. आता किती छड्या गं, एकवीस का बावीस?" आणि दात काढले, पेरू चोरल्यावर काढायचा तसेच. मग आईला म्हणाला, "तू रडू नगंस. सही तर केलीस नुस्ती."

मंगलनं फोन माझ्याकडं दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ती कशावरही सही करत नाही. रेशनला, बँकेत, बचत गटात, सगळीकडं अंगठा लावते. लोक म्हणतात, अगं तुला तर येतंय. ती अंगठा पुढं करते.

गुरुजींना मी शेवटचं बघितलं ते जाण्याच्या महिनाभर आधी. त्यांना अंगावरून वारं गेलं होतं, उजवा खांदा आखडला होता. सकाळी ते शाळेसमोरच्या कट्ट्यावर बसलेले असायचे. शाळा बंद, उन्हाळ्याची सुट्टी, मैदानात एक कुत्रं. मी गिरणीत दळण टाकून परत येत होते. बघते तर गुरुजी उजवा हात डोक्यावरून घालून डावा कान धरायला बघत होते. बोटं टाळूपर्यंत जायची आणि थरथरून खाली यायची. परत घालायचे.

मी थांबले. त्यांनी मला बघितलं.

"डॉक्टरनं सांगितलंय," ते म्हणाले. बोलणं जड झालं होतं. "रोज धा वेळा. कानाला लागला पायजे म्हणतो."

मी पिशवी खांद्याला अडकवली.

त्यांनी परत हात घातला. बोटं कानाच्या वर आली आणि अडकली. चेहऱ्यावर घाम आला होता. तसाच हात धरून ते म्हणाले, "इंदूबाई, जरा टेकू द्या की."

पिशवी माझ्या खांद्याला होती. दोन्ही हात रिकामे होते. त्यांचं कोपर माझ्यापासून हातभर अंतरावर हलत होतं, पोराच्या कोपरासारखंच टोकदार झालं होतं.

"पुढच्या साली पोचंल, गुरुजी," मी म्हटलं आणि घराकडं चालू लागले.